दहावीच्या इंग्रजीत सराव कशाचा होतो?

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा द्या. वेळ दोन मिनिटे, गुण पाच. उतारा असा :

'एक लव्हाट गिमळा झिरपटीत खुसमत होता. तेवढ्यात त्याला दोन पिटुरडे दिसले. पण पिटुरडे फारच तोंबट होते, म्हणून गिमळ्याने त्यांना चिंबाळले नाही.'

आता प्रश्न. गिमळा कोठे खुसमत होता? त्याला किती पिटुरडे दिसले? त्याने पिटुरड्यांना का चिंबाळले नाही? उताऱ्यातून गिमळ्याचे विशेषण शोधून लिहा. शेवटचे वाक्य होकारार्थी करा.

पाचही उत्तरे बरोबर आली असणार. 'झिरपटीत' हे सामान्यरूपासह बरोबर लिहिले असेल आणि 'का' या प्रश्नाचे उत्तरही अडले नसेल. तरीसुद्धा गिमळा हा प्राणी आहे, माणूस आहे की एखादे भांडे आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. आम्हालाही नाही, कारण ही अक्षरे आम्हीच जुळवली आहेत. उत्तरे दिली ती मराठीच्या शब्दक्रमाने, विभक्तीच्या प्रत्ययांनी आणि 'म्हणून' या एका उभयान्वयी अव्ययाने. अर्थाची गरजच पडली नाही. आता सहावा प्रश्न घेऊ : गिमळ्याच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? इथे पेन थांबते.

मराठी माध्यमातून दहावीला बसणाऱ्या अनेक मुलांचे इंग्रजीच्या कृतिपत्रिकेसमोर नेमके हेच होते. पहिल्या पाच प्रश्नांना ती पार होतात, सहाव्याला अडतात. आणि वर्षभर चालणारा सराव त्यांना पहिले पाच प्रश्नच अधिकाधिक वेगाने सोडवायला शिकवतो. आमची तक्रार या सरावाविषयी आहे, परीक्षेविषयी तितकीशी नाही.

परीक्षेची रचना आधी पाहू. तिसरी भाषा म्हणून इंग्रजी घेणाऱ्या विद्यार्थ्याला राज्य मंडळाची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची असते, उरलेले २० गुण शाळेकडे. या ८० मध्ये भाषाभ्यासाला १०, पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांना २०, कवितेला १०, अपठित उताऱ्याला त्याच्या सारांशासह १५, लेखनाला २० आणि भाषांतराला ५ गुण आहेत. प्रत्येक दहा गुणी उताऱ्याखाली पाच कृती येतात. त्यात दोन आकलनाच्या, एक शब्दसंपत्तीची, एक व्याकरणाची आणि शेवटची 'तुला काय वाटते' अशा स्वरूपाची असते. कागदावर पाहिली तर ही रचना वाईट नाही. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून ती जशीच्या तशी लिहायची, या जुन्या पद्धतीपेक्षा ती निश्चितच बरी आहे. ८० पैकी ४५ गुण समोर छापलेला मजकूर वाचण्यावर अवलंबून आहेत. म्हणजे ही परीक्षा, निदान हेतूने तरी, मुख्यतः वाचनाची आहे.

बदलापूर पश्चिमेकडच्या सोनिवलीचे उदाहरण घेऊन आम्ही हे लिहीत आहोत. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतले, अंबरनाथ तालुक्यातले हे ठिकाण. परीक्षेसाठी मुंबई विभागीय मंडळ. गावाचे शहर होत असताना जशी सरमिसळ होते तशी इथे आहे. कुणाच्या घरी आगरी बोली, कुणाच्या घरी कातकरी, कुणाच्या घरी घाटावरून आलेली मराठी, आणि शेजारच्या इमारतीत हिंदी. इंग्रजी बहुतेकांच्या घरी बोलली जात नाही. पण ती दिसते मात्र सगळीकडे. औषधाच्या पाकिटावर, मोबाईलच्या पडद्यावर, औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या पिंपावर, रेल्वेच्या फलाटावर. या मुलीसमोर येणारी कृतिपत्रिका दादरच्या मुलीसमोर येते तीच असते, त्याच दिवशी, त्याच वेळी.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलीने हा विषय दहा वर्षे घेतलेला असतो. ही दहा वर्षे कशाला लागली याचा हिशेब निकालाच्या दिवशी होत नाही, तो अकरावीच्या पहिल्या आठवड्यात होतो. तिने विज्ञान शाखा घेतली तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, सगळी पुस्तके इंग्रजीत. मराठी माध्यमात विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुले या आठवड्यात गप्प होतात, हे आपल्यापैकी कितीतरी विज्ञान शिक्षकांनी पाहिले असेल. म्हणूनच इंग्रजीच्या सरावाचा प्रश्न फक्त इंग्रजीच्या शिक्षकांवर सोडून चालणार नाही.

ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख असलेले मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात एक चांगली मोजपट्टी सुचवली होती. विमा मुदतीआधी मोडला तर हाती जी रक्कम येते तिला विमा एजंट 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट म्हणत की भाषेच्या शिक्षणालाही अशी सरेंडर व्हॅल्यू असली पाहिजे. बंगालमधली बहुसंख्य मुले शिक्षण अर्धवट सोडतात. ज्या दिवशी मूल शाळा सोडेल त्या दिवशी, तोवर शिकलेल्या इंग्रजीचा त्याला काय उपयोग होईल? शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबले तरच फळ, अशी योजना गरिबाच्या मुलासाठी वाईट. वेस्ट यांचे उत्तर होते वाचन. बोलता आले नाही तरी थोडेफार वाचता येणारा मुलगा पुढे स्वतःच्या बळावर वाढू शकतो.

ही मोजपट्टी घेऊन दहावीचे सराव संच उघडून पाहावेत. स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानात डिसेंबरपासून त्यांचे गठ्ठे लागतात. आम्ही चाळलेल्या संचांत कागद, छपाई आणि मुखपृष्ठावरची हमी यांत फरक होता, आतला माल जवळपास एकच. अक्षरे गाळलेले शब्द पूर्ण करा, शब्द वर्णानुक्रमे लावा, एका मोठ्या शब्दातील अक्षरांपासून चार छोटे शब्द बनवा, शेवटच्या अक्षरापासून शब्दांची साखळी करा. हे खेळ निरुपद्रवी आहेत, काही तर मजेदारही आहेत. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. ते पाचवीत खेळावेत आणि दहावीत त्यांना मिळतील ते गुण घ्यावेत.

खरी अडचण उताऱ्यांची आहे. संचात उतारा येतो, त्याखाली कृती येतात आणि त्याखाली लगेच, त्याच पानावर, उत्तरे येतात. शिकवणीतला सल्ला असा की आधी प्रश्न वाचा, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधा, तो ज्या वाक्यात आहे ते वाक्य उतरवा. वेळ वाचतो, गुण मिळतात. पण हीच तर गिमळ्याची पद्धत! शब्दाला शब्द जुळवण्याच्या या कामात मुलीचा हात वळतो, वाचनाचा नाही. अपठित उताऱ्याचा सारांश लिहायची वेळ आली की उताऱ्यातले पहिले, मधले आणि शेवटचे वाक्य उतरवलेले आढळते, ते याच सवयीमुळे.

मुले असे का करतात? आळसामुळे, असे उत्तर सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. न्यूझीलंडमधील पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका गोष्टीतले कमी वापराचे शब्द काढून त्या जागी निरर्थक शब्द घातले, म्हणजे आपल्या गिमळ्यासारखेच, मात्र मोजूनमापून. वाचणाऱ्याला शंभरातले ८० शब्द माहीत असतील तर गोष्ट पुरेशी कुणालाच कळली नाही. ९० किंवा ९५ माहीत असताना काहींना कळली. बहुतेकांना कुणाच्या मदतीशिवाय नीट कळण्यासाठी ९८ शब्द माहीत असणे गरजेचे ठरले. दीडशे शब्दांच्या उताऱ्याला हे प्रमाण लावून पाहा. ९८ टक्के म्हणजे तीन अनोळखी शब्द. ९० टक्के म्हणजे पंधरा, आणि ८० टक्के म्हणजे तीस. तीस अनोळखी शब्द असलेल्या उताऱ्यापुढे शब्द जुळवणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. मुलगी आळशी नाही, ती जगण्याची युक्ती करते आहे.

वेस्ट यांना हे प्रयोगाविना, वर्गातल्या अनुभवातून जाणवले होते. त्या वेळची वाचनमाला विलायतेतल्या मुलांसाठी लिहिलेली होती आणि तिच्यात ओळीओळीला नवा शब्द असे. त्यांनी जुनाट व दुर्मिळ शब्द काढून रोजच्या वापरातले घातले आणि नव्या शब्दांचे प्रमाण साधारण पन्नास शब्दांमागे एक इतके खाली आणले. पन्नासात एक म्हणजे दोन टक्के. पाऊण शतकानंतर नेशन यांनी मोजून काढलेला आकडा तोच! पुढे १९५३ मध्ये वेस्ट यांनी सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती अजूनही अभ्यासकांच्या कामी येते. सरावाच्या संचातली 'महत्त्वाचे शब्दार्थ' ही यादी मात्र धड्यात आला म्हणून शब्द घेते. तो शब्द पुन्हा कधी भेटणार आहे का, हा विचार तिथे नसतो.

हे मोजणे आपल्याही वर्गात होऊ शकते. दीडशे शब्दांचा एक उतारा सर्वांना द्यावा, वाचताना अनोळखी शब्दाखाली रेघ मारायला सांगावे, नाव घालू नये. दहा मिनिटांत कागद गोळा करून रेघा मोजाव्यात. निम्म्या वर्गाच्या कागदावर पंधरापेक्षा जास्त रेघा निघाल्या तर त्या वर्गाला दहावीच्या पातळीचे आणखी उतारे देणे व्यर्थ आहे. त्यांना सहावी-सातवीचे इंग्रजीचे पुस्तक द्यावे, आणि भरभर, पानामागून पान, प्रश्नांशिवाय वाचू द्यावे. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 'दहावीच्या मुलाला सातवीचे पुस्तक?' म्हणून पालक नाक मुरडतील. त्यांना गिमळ्याचा उतारा सोडवायला द्यावा.

व्याकरणाकडे वळू. व्याकरणाच्या सरावाचा मानबिंदू म्हणजे वाक्यरूपांतर. 'ॲज सून ॲज' काढा, 'नो सूनर' घाला, 'टू' काढा, 'सो दॅट' घाला, प्रयोग बदला. यांपैकी 'नो सूनर'ची पाककृती बहुतेक वर्गांत मुखोद्गत असते. सुरुवातीला 'नो सूनर डिड', मग कर्ता, मग क्रियापदाचे मूळ रूप, स्वल्पविरामाच्या जागी 'दॅन', बाकी तसेच. मुलगा बिनचूक लिहितो. वाक्याचा अर्थ विचारला तर गप्प. आणि त्याच कृतिपत्रिकेत, पाच गुणांच्या पत्रात, तो 'आय ॲम go' हे देवनागरीत लिहावे तसे, म्हणजे 'आय ॲम गो टु युवर शॉप' असे लिहितो. 'नो सूनर' पुढच्या आयुष्यात त्याला किती वेळा भेटेल? उलट 'द' हा शब्द पाहा. अमेरिकेत १९६१ साली छापलेल्या मजकुरातून दहा लाख शब्दांचा 'ब्राउन कॉर्पस' जमवला गेला. त्यात जवळपास सात टक्के जागा एकट्या 'द'ने व्यापलेली आहे. साधारण दर चौदा-पंधरा शब्दांत एक. सराव संचात मात्र त्याच्या वाट्याला गाळलेल्या जागांची एखाददुसरी कृती येते, आणि नियम सांगितला जातो तो नद्या, पर्वत आणि वर्तमानपत्रांच्या नावांचा.

मराठीत उपपद नाही, म्हणून मुलांना 'द' आणि 'अ' कळत नाही असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. 'डॉक्टर बोलवा' आणि 'डॉक्टरांना बोलवा' यांत फरक काय? पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात आपले नेहमीचे, ठरलेले. 'शिपाई बोलाव' आणि 'शिपायाला बोलाव' यांतही तेच. 'अ' आणि 'द' मधला भेद आपली मुले घरातून शिकूनच येतात. फक्त मराठी तो बऱ्याचदा 'ला'ने दाखवते, 'एक'ने दाखवते किंवा मुळीच न दाखवता संदर्भावर सोडते. हे फळ्यावर दहा मिनिटे मांडले तर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो नद्या-पर्वतांच्या नियमाने पडत नाही. पण हे कुठल्याही संचात नाही. ते संच मराठी मुलांसाठी विकले जातात, लिहिले मात्र कुणासाठीही.

चुकांनाही तर्क असतो. 'बाबा काल आलेत' हे मराठीत अगदी शुद्ध आहे : आले काल, आणि आता इथे आहेत. मुलगी तेच इंग्रजीत आणते, 'माय फादर हॅज कम यस्टरडे', आणि लाल रेघ खाते. इंग्रजीत 'हॅज कम'ला 'काल' चालत नाही, कारण ते रूप आजच्या स्थितीकडे पाहते आणि 'काल' हा शब्द त्याला मागे ओढतो. तसेच 'माझे बाबा रिक्षा चालवतात' हे आदरार्थी बहुवचन. 'माय फादर ड्राइव्ह रिक्षा' मध्ये गळालेला 'एस' निष्काळजीपणाचा असेल, पण बापाला एकवचनी क्रियापद लावायला जीभ धजत नसण्याचाही असू शकेल, असे आम्हाला वाटते. चूक कुठून आली हे मुलीला कळले तर ती स्वतःच पुढच्या वेळी थबकते. 'वर्तमानपूर्ण काळ, प्रकार पहिला, वाक्ये वीस' या सरावात थबकण्याचे कारणच नसते, कारण विसाव्या वाक्यातही तेच रूप घालायचे हे मथळ्यानेच सांगितलेले असते.

कर्मणी प्रयोगाची कथा विज्ञान शिक्षकांना विशेष आवडेल. सरावात नेहमी 'रामाने रावणाला मारले' छापाची वाक्ये येतात. कर्म पुढे आणा, क्रियापद बदला, आणि शेवटी 'बाय' लावून कर्ता ठेवून द्या. 'बाय' विसरला तर गुण गेला. पण इंग्रजीत हा प्रयोग मुख्यतः वापरतात तो कर्ता सांगायचा नसतो तेव्हा! प्रयोगवहीत 'द सोल्युशन वॉज हीटेड' असे लिहितात. कुणी तापवले याच्याशी रसायनशास्त्राला कर्तव्य नाही. मराठीतही आपण 'द्रावण तापवले' एवढेच लिहितो, 'माझ्याकडून' वगैरे जोडत नाही. म्हणजे ज्या शेपटासाठी मुलांचे गुण कापले जातात ते शेपूट खऱ्या वापरात बहुधा नसतेच. विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकाचे एखादे पान घ्या, त्यातली अशी क्रियापदे शोधायला सांगा, प्रत्येकाचा कर्ता कोण असेल हे मराठीत विचारा. सेमी-इंग्रजीच्या वर्गाला वेगळे पुस्तकही लागणार नाही. ज्या मुलीला अकरावीत जायचे आहे तिचा हा खरा सराव, आणि परीक्षेतल्या प्रयोगबदलाचे दोन गुण त्यात आपोआप येतात.

घोकंपट्टीला आमचा सरसकट विरोध नाही. शब्द पाठ करावेच लागतात. पण पाठांतराचेही एक शास्त्र आहे आणि ते जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती विसरले ते मोजायचे, असे ते प्रयोग होते. त्यांना असे आढळले की एकाच दिवशी लागोपाठ केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधते, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधते. कष्ट जवळजवळ निम्मे! आपल्याकडे मात्र शब्दार्थ आणि व्याकरण जानेवारीत 'उरकले' जाते. जूनपासून रोज पाच मिनिटे हा मार्ग सर्वांना माहीत आहे आणि कुणालाच सवडीचा नाही.

दुसरी गोष्ट सराव परीक्षेची. तिला नावे ठेवण्याची फॅशन आहे. आम्ही ठेवणार नाही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे जातात ते एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे. म्हणजे परीक्षा देणे हाच शिकण्याचा एक मार्ग आहे, मात्र उत्तर झाकलेले असेल तर. कृतीखाली उत्तर छापणारा संच नेमका हा मार्ग बंद करतो. मुलगा प्रश्न वाचतो, डोळा खाली घसरतो, 'हो, हेच येत होते मला' असे वाटते आणि पान उलटते. अशा संचात बाकी सगळे उत्तम असते तरी एवढ्या एका दोषासाठी आम्ही तो नापास केला असता. घरात संच आलेलाच असेल तर निदान एक पुठ्ठा उत्तरांवर ठेवायला सांगावा.

मग अर्थ लागल्याशिवाय सुटणारच नाही अशी कृती कशी असते? एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या साध्या शाळांत याचा शोध घेतला. व्याकरणाचा पाठ न देता ते वर्गाला कोडी देत : नकाशावरून अंतर काढा, वेळापत्रक पाहून कोणती गाडी धरावी ते सांगा. भाषा इंग्रजी, पण लक्ष कोड्यावर. या प्रयोगाच्या यशाविषयी तज्ज्ञांत वाद झाले, आणि साठ मुलांच्या वर्गात तो तसाच्या तसा उचलता येईल असे आम्हीही म्हणणार नाही. पण रेल्वेचे वेळापत्रक ही वस्तू मात्र सोनिवलीच्या मुलांना नवीन नाही. बदलापूर स्टेशनवर उद्घोषणा तीन भाषांत होते, आधी कळणाऱ्या भाषेत आणि मग शिकायच्या भाषेत. ज्यांच्या घरचे माणूस रोज लोकलने जाते त्यांना कर्जतहून भरून येणारी गाडी आणि बदलापूरहून सुटणारी गाडी यांतला फरक इंग्रजीच्या शिक्षकांइतकाच समजतो. आता फळ्यावर वेळापत्रकाच्या सहा ओळी लिहा आणि इंग्रजीत विचारा : अंजली मिस्ड द कर्जत ट्रेन. शी मस्ट रीच कल्याण बिफोर एट. व्हिच ट्रेन शुड शी टेक, अँड व्हाय? इथे शब्द जुळवून उत्तर निघत नाही. 'मिस्ड', 'मस्ट', 'बिफोर' या तिन्ही शब्दांचा अर्थ लागला तरच गाडी सापडते, आणि 'व्हाय'ला उत्तर देताना 'बिकॉज'चे वाक्य मुलीला स्वतः रचावे लागते. कृतिपत्रिकेत माहितीचे रूपांतर करण्याची कृती असतेच. तक्ता वाचून परिच्छेद लिहायचा असतो. त्याच पाच गुणांचा हा सराव आहे, फक्त तक्ता तयार उत्तरासह आलेला नाही.

राहिले भाषांतराचे पाच गुण. या प्रकाराला मराठीत मोठी परंपरा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि मग मधल्या काळात भाषांतर ही मागास पद्धत ठरली. मुलीची भाषा वर्गात यायलाच नको, असा तो आग्रह होता. पाच गुणांपुरती का होईना, ती परत आली हे आम्हाला चांगले वाटते. पण सरावात तिची काय अवस्था केली आहे? चार शब्द, दोन वाक्ये आणि एक म्हण. म्हणींची यादी संचाच्या शेवटच्या पानावर असते, ती पाठ होते, एक गुण मिळतो. डॉक्टरांना बोलवावे की डॉक्टर बोलवावा, बाबा आले की आलेत, हे सगळे भाषांतराच्या तासाला उलगडता येण्याजोगे. पाच गुणांसाठी एवढा वेळ कोण देणार, असे कुणी विचारील. लेखनाचे २० गुण याच तासावर उभे आहेत, असे त्याला सांगावे.

पुढच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक जादा रकाना आखून पाहा. अपठित उताऱ्याखालच्या शेवटच्या, मत विचारणाऱ्या कृतीचे दोन गुण आणि पत्राचे पाच गुण, असे सात गुण त्या रकान्यात वेगळे लिहा. शेजारी भाषाभ्यासाचे दहा गुण लिहा. दोन्हीकडे कमी असलेली मुले कोणती, हे शिक्षकाला न तपासताही ठाऊक असते. पण दहापैकी आठ-नऊ आणि सातपैकी शून्य-एक, अशी जोडी जिथे दिसेल तिथे थांबा. ही मुले निकालात कधी दिसत नाहीत, कारण ती पास होतात, बहुधा बऱ्या गुणांनी. त्यांना आणखी 'नो सूनर' देऊ नका. जानेवारीचे इंग्रजीचे तास आठवड्याला दोन तरी मोकळे करून त्यांच्या हाती सातवीचे पुस्तक द्या, आणि विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीचे ते एक पान.